अक्षरं न वाचणारं प्रथिन

अकोला, १२ जानेवारी २०१५

आकांक्षा,

तुझा फोन लागत नाही, म्हणजे तू माझा नंबर बंद केला आहेस. पत्र बंद करता येत नाही. फार तर न उघडता ठेवता येतं.

तुझ्या बाबांच्या जबड्यातल्या तारा निघाल्या असं कळलं. कुणाकडून, ते लिहीत नाही. त्या माणसाला त्रास होईल.

सप्टेंबरात तू मला बागेतली पानं दिली होतीस, ओल्या फडक्यात गुंडाळून. पंचवीस. "संत्र्याचं डीएनए काढून काय करशील, सरबत?" असं म्हणाली होतीस. काय केलं ते सांगते. आमच्या प्रयोगशाळेत सध्या एका प्रथिनावर काम चालू आहे. त्याचं नाव एआयएम-टू. माणसाच्या पेशीत ते पहाऱ्याला असतं. पेशीद्रवात, म्हणजे केंद्रकाच्या बाहेर, दुपेडी डीएनए सापडला की ते त्याला जाऊन चिकटतं. मी तीन नमुने घेतले: तुमच्या संत्र्याच्या पानातला डीएनए, विकत आणलेला माशाचा आणि माझ्या रक्तातला. तिन्हींचे सारख्या लांबीचे तुकडे केले. प्रथिनानं तिन्ही सारख्याच ताकदीनं धरले. माझा काय, माशाचा काय, झाडाचा काय, त्याला फरकच पडला नाही.

कारण सोपं आहे. डीएनएची अक्षरं दोन पेडांच्या आत मिटलेली असतात. हे प्रथिन आत बघतच नाही. ते बाहेरचा कणा धरतं, साखर आणि फॉस्फेटचा. कणा सगळ्यांचा सारखा. मग आपला आणि परका हे त्याला कळतं कसं? कळत नाही. त्याला फक्त जागा कळते. आपला डीएनए केंद्रकात असला तर ठीक. तोच फुटून बाहेर आला, तर आपल्याच डीएनएवर आपलंच प्रथिन तुटून पडतं. एकामागून एक येऊन बसतात, रांग लागते, आणि शेवटी पेशी फुगून फुटते.

आता मुद्द्यावर येते. अमरावतीच्या वकिलाला संत्र्याच्या मुलखाची काही माहिती नाही. त्याला समजावायला अब्बूंना अर्धा तास लागला. बाग उभ्यानं विकली की झाडं मालकाची, फळं व्यापाऱ्याची, म्हणजे तुमच्या बागेत अब्बूंची. तोडणी होईपर्यंत मालकानंसुद्धा फळाला हात लावायचा नाही. फक्त दोन झाडं घरच्या खाण्यासाठी सोडतात आणि त्यांच्या खोडावर गेरूचा पट्टा मारतात. तुमच्याही दोन झाडांवर होता. मग पावसाळ्यानंतर तुमच्याच गड्यानं सगळ्या खोडांना बुरशीवरची बोर्डो पेस्ट लावली आणि गेरू तिच्याखाली झाकला गेला. वकिलानं विचारलं, "म्हणजे मालक स्वतःच्या बागेत चोर ठरू शकतो?" अब्बू म्हणाले, "साहेब, सौदा झाल्यावर ठरतोच."

गारपिटीनं गेल्या वर्षी निम्मा बहार नेला होता आणि उरलेल्यावर चोरांचा डोळा होता. भर दुपारी एक माणूस डोक्यावर पोतं घेऊन, खूण नसलेल्या झाडाची फळं तोडत होता. सरफराजनं माणूस पाहिला नाही, जागा पाहिली. माझ्या भावाला माफ कर असं मी म्हणत नाही. कसं झालं असेल, तेवढं सांगते आहे.

मी नंतर पोहोचले. पोलिसांच्या कागदात तसंच आहे.

माहेनूर


अकोला, ९ मार्च २०१५

आकांक्षा,

मागच्या पत्राला उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. हे पत्र रागात लिहिते आहे, हे आधीच सांगून ठेवते.

काल नईमला बघायला मोर्शीला गेले होते. माझा चुलतभाऊ, स्कूटरचं गॅरेज आहे त्याचं. तू त्याच्याकडून दोनदा पंक्चर काढून घेतलंस आणि दोन्ही वेळा त्यानं पैसे घेतले नाहीत. त्याचा उजवा हात कोपरातून सरळ होत नाही. आता पाना डाव्या हातानं धरतो. "डावखुरा मिस्त्री जादा पैसे लेता," असं म्हणून हसतो. गिऱ्हाईकंही हसतात. कुणी जादा देत मात्र नाही.

त्या दिवशी तो बागेच्या जवळपासही नव्हता, हे तुला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी तुझा भाऊ नितेश सहा पोरं घेऊन त्याच्या गॅरेजवर आला. काय झालं ते नईमनं मला दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा एकही शब्द बदलला नाही. नितेशनं गाडी बंद केली, स्टँडवर लावली आणि विचारलं, "नाव काय बे तुहं?"

नईम म्हणाला, "काहून भाऊ, मले वळखत नाही का? आपण कबड्डीले संगच होतो ना."

"नाव सांग म्हनलं."

"नईम."

"हां. मंग बरोबर हाय."

रिंगवरून टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या गॅरेजमध्येच होत्या, त्यांना काही आणावं लागलं नाही. पहिली पट्टी कोपरावर बसली. तो खाली पडल्यावर दोघांनी हात फळीवर धरला आणि तिसऱ्यानं मारलं. नंतर गॅरेजसमोर उभ्या असलेल्या चार स्कूटर पेटवल्या. त्यातल्या तीन तुमच्याच गावातल्या लोकांच्या होत्या. ते त्यांना नंतर कळलं.

मी तुला प्रथिनाची गोष्ट सांगितली होती. निदान प्रथिन नाव विचारत नाही. नितेशनं विचारलं. उत्तर मिळेपर्यंत थांबला, ऐकलं, आणि मग मारलं. याला मी कोणती उपमा देऊ ते तूच सांग.

हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं. का ठेवलं ते आज लिहिणार नाही.

माहेनूर


अमरावती, २२ ऑगस्ट २०१५

आकांक्षा,

आज मी काकांना, तुझ्या बाबांना, पाहिलं. तू नव्हतीस, म्हणूनच गेले. वॉर्डातल्या बाईंना तुझी शनिवारची वेळ विचारून ठेवली होती.

दवाखान्याच्या ओसरीत काकांचा बोलण्याचा सराव चालू होता. एक मुलगी चित्रं दाखवत होती. गाय दाखवली, काका म्हणाले, "चा." खुर्ची दाखवली, "चा." संत्रं दाखवलं. त्याच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले. कपाळावरची शीर फुगली. मग म्हणाले, "चा."

दुर्गाकाकू शेजारी लसूण सोलत बसल्या होत्या. "साऱ्या जिनगानीत येवढा चा नाही पेले," त्या म्हणाल्या, "अन् आता देवाचं नाव घेतल्यासारखं चा चा करून राहिले." ती मुलगी हसली. काकाही हसले, तोंडाच्या एकाच बाजूनं.

मी खांबाआड होते. काकूंनी पाहिलंच. वाटलं, ओरडतील, चप्पल काढतील. त्यासाठी तयार होऊन आले होते. त्या म्हणाल्या, "हुसेनभाऊची पोरगी ना तू? काहून उभी हायस तिथी? ये, बस."

मी बसले. त्यांनी लसणाचा अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला. बराच वेळ आम्ही दोघी सोलत होतो. मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी डब्बा घेऊन तूच गेली होती ना वावरात?"

"हो."

"तवा तू पाह्यलं का?"

मी म्हटलं, "नाही काकू. मी नंतर पोचले."

काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हाताला लसणाचा वास होता. म्हणाल्या, "बरं झालं माय. तुह्या डोयाले तरी नाही पाहा लागलं."

पोलिसांसमोर हेच वाक्य म्हणताना माझा आवाज हलला नव्हता. वकिलासमोर नाही, अम्मीसमोरही नाही. आज बाहेर येऊन मी नळाखाली डोकं धरलं.

मी नंतर पोहोचले नव्हते. आज एवढंच लिहिता येतंय.

माहेनूर


अकोला, १४ डिसेंबर २०१५

आकांक्षा,

आधी प्रयोगशाळेतलं सांगते. मला त्याच वाटेनं जावं लागेल.

माझ्या जानेवारीच्या निकालात चूक होती. प्रथिन आम्ही जिवाणूंकडून बनवून घेतो, मग जिवाणू फोडून ते वेगळं करतो. शुद्ध प्रथिन किती प्रकाश अडवतं त्यावरून एक आकडा निघतो. तो ०.६ च्या आसपास हवा. माझा १.३ होता. तो मी वहीत लिहिला होता, पण त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. अर्थ असा, की माझं प्रथिन रिकाम्या हातानं आलंच नव्हतं. जिवाणू फुटला तेव्हाच त्यानं जिवाणूचा डीएनए धरला होता आणि सगळ्या धुण्यातून तो तसाच धरून ठेवला होता. मी ज्याला पकडीची ताकद समजत होते, ती आधीच भरलेल्या हाताची होती. तो डीएनए सुटायला भरपूर मीठ लागतं. मीठ वाढवत गेले, तेव्हा कुठे पकड ढिली झाली. शुद्ध करून पुन्हा मोजलं. निष्कर्ष तोच आला: तिन्ही सारखेच. पण आधीचे आकडे सगळे रद्द.

मी वहीची ती पानं फाडायला घेतली. प्रयोगशाळेच्या प्रमुख सुभद्रा मॅडमनी हात धरला. "फाडायचं नाही. एक आडवी रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरा आकडा, सही, तारीख." मी म्हटलं, लाज वाटते. त्या म्हणाल्या, "वाटू दे. लाजेनं वही खराब होत नाही, फाडल्यानं होते."

तर ही माझी आडवी रेघ.

१८ ऑक्टोबर २०१४, शनिवार. मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले होते. सरफराज आणि दोन रखवालदारांचा डबा घेऊन पावणेबाराला निघाले. बारा वाजून दहा मिनिटांनी विहिरीजवळच्या मोटरीच्या खोलीपाशी होते. तिथून तुमची तिसरी ओळ वीस पावलांवर आहे.

काका पाठमोरे होते, डोक्यावर पोतं. सरफराजनं एका फांदीखालचा बांबूचा टेकू ओढून काढला. लगडलेली फांदी खाली आली. पहिला फटका पाठीवर. दुसरा खांद्यावर, तिसरा मांडीवर. चौथा पोत्यावरून डोक्यावर, त्यानं पोतं उडालं. चेहरा उघडा पडला. काका गुडघ्यावर आले, दोन्ही हात वर केले आणि ओरडले:

"अरे सरफराज, मी हाव ना बाप्पा! खुशालराव! काहून मारून राहिला बे? तुह्या बापाले इचार!"

सरफराज थांबला. हे मला ठामपणे लिहायचं आहे. तो थांबला. त्यानं काकांकडे पाहिलं. एवढा वेळ थांबला, की दोघं रखवालदार मागे सरकले. मग तो म्हणाला, "तेरेको भी मालूम है, बाग अब किसकी है," आणि पाचवा फटका जबड्यावर मारला. मी ते हाड मोडलेलं ऐकलं. सहावा वर आलेल्या हातावर. त्यानंतरचे सगळे डोक्यावर. काकांनी पुन्हा हाक मारली नाही. मारता आली नाही.

एकूण अकरा. नाव सांगण्याआधी चार, नंतर सात. मी मोजले कारण मला मोजायची सवय आहे. आणि मोजत होते, म्हणून ओरडले नाही. की ओरडायचं नव्हतं म्हणून मोजत होते?

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. जमादारांनी विचारलं, "काही आवाज आला का?" मी नंतर पोहोचले एवढं म्हणून भागलं असतं. पण मला कागद पक्का करायचा होता. मी म्हटलं, "मोटर चालू होती. त्या आवाजात कुणालाच काही ऐकू आलं नसतं." कुणी शिकवलं नव्हतं. तो शोध माझा. आता सरफराजचा सगळा बचाव त्यावर उभा आहे, की त्यानं चोर समजून मारलं, हाक ऐकूच आली नाही. रखवालदार परत आलेच नाहीत. काकांना काही आठवत नाही. उरले मी.

मोटर बंद होती. त्या आठवड्यात आपल्या फिडरला फक्त रात्रीची लाइन होती, दिवसा वीज नव्हती. वीज कार्यालयात वेळापत्रक मिळेल, तपासून घे. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, कागद बघ.

आणि पहिल्या पत्रात मी जे लिहिलं, की त्यानं माणूस पाहिला नाही, फक्त जागा पाहिली, ते चार फटक्यांपुरतं खरं आहे. प्रथिनाला कान नसतात. माझ्या भावाला आहेत. नितेशचा हिशेब मी ज्या मापानं केला, त्याच मापानं हा करायचा होता. ते मार्चमध्येच कळलं होतं. पेन त्यासाठी खाली ठेवलं होतं.

माहेनूर


अकोला, २० फेब्रुवारी २०१७

आकांक्षा,

तुझं कार्ड गेल्या वर्षी आलं होतं. दोन शब्द. "कोर्टात सांग." सही नव्हती, पण अक्षर तुझं. मी उत्तर दिलं नाही. उत्तर देण्यासारखं काही झालं नव्हतं.

परवा झालं. अमरावतीच्या कोर्टात तू मागच्या बाकावर होतीस, त्यामुळे माझी साक्ष तुला सांगायला नको. तरी तुला तिथून ऐकू आलं नसेल ते लिहिते. बचावाचे वकील पुटपुटत होते, "ही तर आपलीच होती." नंतर मोठ्यानं म्हणाले, "पोलिसांना तुम्ही वेगळं सांगितलं होतं." मी म्हटलं, "हो. ते खोटं होतं." ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही खोटं बोलता." मी म्हटलं, "बोलले. मोटर बंद होती आणि चार फटक्यांनंतर खुशालरावांनी भावाचं नाव घेऊन हाक मारली. भाऊ थांबला, मग त्यानं सात मारले." न्यायाधीशांनी टंकलेखकाला "थांबला" हा शब्द आहे तसा घ्यायला सांगितलं. अब्बू उठून बाहेर गेले. त्यांची चप्पल बाकाखालीच राहिली. ते अनवाणीच गेले.

अम्मीला मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "भाई को जेल भेजके तू कौनसी जन्नत जाएगी?" मी म्हटलं, जन्नतीचं माहीत नाही. ती म्हणाली, "तेरेको तो कुछ भी मालूम नहीं, सिर्फ गिनना मालूम है." पोळी करपेपर्यंत तव्यावर ठेवली आणि मग तीच मला वाढली. मी खाल्ली.

आता कोर्टाच्या पायऱ्या. सरफराज जामिनावर आहे, हे तुला माहीतच आहे. मी खाली उतरत होते. तो वर येत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि "माही" म्हणाला, लहानपणी जेवायला हाक मारायचा तसं. मी थांबले. त्यानं मुठीनं मारलं. वरचे दोन दात तिथेच पडले. खाली पडल्यावर त्यानं बुटानं बरगड्यांत मारलं, दोनदा. तिसरी लाथ उचलली होती, वकिलाच्या कारकुनानं त्याला मागे ओढलं. एक बरगडी मोडली आहे. हे पत्र पलंगावर पडून लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.

मी तक्रार दिली आहे. पोलिसांनी पायऱ्यांवरच्या लोकांना विचारलं. वकिलांनी पाहिलं नाही. कारकून म्हणतो, गर्दी होती. नईम गेटजवळ होता. तो म्हणाला, "दीदी घसरली." डाव्या हातानंच सही केली. त्याला मी दोष देत नाही. त्याला मोर्शीत राहायचं आहे आणि आमच्या घरात जेवायचं आहे. अम्मी आणि अब्बूंनीही मी घसरले असंच सांगितलं.

तू खालच्या पायरीवर होतीस. काकांचा हात तुझ्या हातात होता. तू आणि मी एकमेकींकडे पाहिलं, पहिल्या फटक्याच्या आधी आणि नंतरही. काका काहीतरी बोलायचा प्रयत्न करत होते. तू त्यांना वळवलंस आणि गेटकडे घेऊन गेलीस. ते बरोबर केलंस. त्यांनी पुन्हा असलं काही बघायला नको होतं.

जमादारांना मी तुझं नाव आणि पत्ता दिला आहे. ते या आठवड्यात तुमच्याकडे येतील. नितेश घरी असेल आणि तो तुला काय सांगेल, याचा मला अंदाज आहे. काकूंनाही विचारतील. तुझ्या वडिलांवर उचललेल्या हातासाठी सरफराज तसाही आत जाईल, मग या दोन दातांसाठी तू मुसलमानांच्या भांडणात कशाला पडायचं, असं कुणीतरी म्हणेल. त्यात चुकीचं काही नाही.

काय सांगायचं ते मी तुला लिहीत नाही. जमादार गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास येतील.

माहेनूर